माणूस जातो तेव्हा कारखान्यातून काय जातं? कामगार गळती, कौशल्य आणि उत्पादकता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मरोळची एमआयडीसी असो, वसईतल्या इंडस्ट्रियल इस्टेटी असोत की महापे-तुर्भ्याचा पट्टा, छोटा कारखाना चालवणारी माणसं भेटली की बोलणं फिरून एकाच जागी येतं : "माणसं टिकत नाहीत हो." त्यामागून येणारे प्रश्नही बहुतेक तेच असतात. मी मशीन शॉपमध्ये (यंत्रांवर धातूचे भाग घडवणाऱ्या कारखान्यात) आधी ऑपरेटर होतो, मग सुपरवायझर झालो, आणि आता चार-पाच लहान कारखान्यांचं उत्पादनाचं नियोजन बघतो. खालची उत्तरं त्या कामातून आलेली आहेत, आणि जिथे अभ्यासकांनी मोजमाप करून काही दाखवलं आहे तिथे त्याचाही आधार घेतला आहे. उदाहरणं बहुतेक मशीन शॉपची आहेत, कारण मला तेच जवळून माहीत आहे.

कामगार गळती नेमकी कशी मोजायची?

हिशेब सोपा आहे. वर्षभरात किती जण सोडून गेले, त्याला वर्षातल्या सरासरी पटसंख्येने भागायचं आणि शंभराने गुणायचं. पटावर सरासरी २० माणसं आणि ६ गेली, तर गळती ३० टक्के. मोठ्या कंपन्याही जवळपास असाच आकडा देतात. मुंबईत मुख्यालय असलेल्या टीसीएसने सप्टेंबर २०२२ च्या तिमाहीअखेर मागच्या १२ महिन्यांची गळती २१.५ टक्के सांगितली होती. आयटीत तेव्हा नोकऱ्या बदलण्याची लाटच आली होती.

पण या एका आकड्यावर थांबू नका. एका गाळ्यातून सहा हेल्पर गेले, सगळे पहिल्या दोन महिन्यांतच. शेजारच्या गाळ्यातूनही सहाच गेले, पण त्यात एक सेटर (मशीनवर काम लावून माप जुळवणारा), एक क्वालिटी बघणारी मुलगी आणि सात वर्षं जुना वेल्डर. दोन्हीकडे ३० टक्केच. पहिल्याचा दोष माणसं घेण्याच्या पद्धतीत आहे. दुसऱ्याचा कारखाना आतून पोकळ होतो आहे. म्हणून माझ्या वहीत मी प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहितो : किती दिवस टिकला, आणि कुठल्या मशीनवर होता.

आणि उत्पादकता?

एका माणूस-तासात किती चांगला माल निघाला, एवढंच. "चांगला" हा शब्द विसरू नका. रिजेक्ट झालेला पीस मोजायचा नाही, आणि रिवर्कला गेलेले तास मात्र मोजायचे. बरेच मालक महिन्याची विक्री भागिले माणसं असा हिशेब करतात. भाव वाढला की तो आकडा आपोआप वाढतो आणि कारखाना सुधारल्यासारखा वाटतो.

एक ऑपरेटर गेला तर खरंच किती नुकसान होतं? दुसरा मिळतोच ना.

मिळतो. मधल्या काळाचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. मी नमुन्यादाखल आकडे धरतो, तुम्ही तुमचे घाला.

समजा पगार २४,००० रुपये, महिन्याचे २६ दिवस, आठ तासांची पाळी. मशीनचा एक तास फुकट गेला तर ४०० रुपयांचं काम बुडतं असं धरू. माणूस गेल्यावर नवा मिळेपर्यंत कामाचे १२ दिवस गेले. त्या १२ दिवसांचा पगार वाचला, साधारण ११,०७७ रुपये. मशीन रिकामं ठेवता येत नाही म्हणून दुसऱ्या एकाला रोज चार तास ओव्हरटाइमला थांबवलं. ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट, म्हणजे चार तासांना आठ तासांचे पैसे. पगारात जे वाचलं ते जसंच्या तसं ओव्हरटाइममध्ये गेलं, आणि काम झालं निम्मं. ४८ तास बुडाले : १९,२०० रुपये.

आता नवा आला. पहिल्या महिन्यात तो जुन्याच्या निम्मं काम करतो, दुसऱ्यात ७० टक्के, तिसऱ्यात ८५ टक्के. तूट जोडली तर ९५ टक्के, म्हणजे जवळपास एका पूर्ण महिन्याचं काम गेलं : साधारण ७९,००० रुपये. त्याला शिकवायला एक अनुभवी माणूस पहिला महिना रोज तासभर आपलं मशीन सोडून उभा राहतो : १०,४०० रुपये. शिकताना बिघडलेले पीस, समजा ६०, प्रत्येकी ९० रुपयांचे : ५,४०० रुपये.

एकूण १,१४,००० रुपये. पावणेपाच महिन्यांचा पगार.

यात एक अट आहे. हातात ऑर्डरी भरपूर असतील तरच मशीनचा बुडलेला तास इतका महाग पडतो. मंदीत मशीन नाहीतरी रिकामंच असेल तर हे नुकसान बरंच कमी. पण माणसं नेमकी हंगामातच सोडून जातात, कारण तेव्हा शेजारच्या कारखान्यालाही माणसं हवी असतात.

मग हे नुकसान हिशेबात का दिसत नाही?

कारण ते दुसऱ्याच कुणाच्या नावावर लिहिलं जातं. एक घडलेली गोष्ट सांगतो.

वसईतल्या एका गाळ्यात मी सुपरवायझर होतो तेव्हा आमच्याकडे एक सेटर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. पाळी आठची, पण मामा पावणेआठला हजर. आले की आधी सीएनसीचा (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) स्पिंडल, म्हणजे फिरणारा दांडा, रिकामा फिरत ठेवायचे, मग हात-पाय धुऊन चहा. परत येऊन पहिला पीस काढायचे, फडक्याने पुसून मायक्रोमीटर लावायचे, खिशातली चिठ्ठी बघून ऑफसेटला (मशीनला दिलेल्या मापाच्या दुरुस्तीला) मिलिमीटरचे एक-दोन शतांश इकडे-तिकडे करायचे आणि मग मशीन ऑपरेटरच्या ताब्यात द्यायचे. दहाव्या पीसला न बोलावता परत येऊन माप बघायचे. स्टेनलेस स्टीलचा बुश होता आणि टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, दोन शतांशाचा.

मामांना चाकणला साडेतीन हजार जास्त मिळाले. ते गेले. पुढचे तीन आठवडे रोज सकाळच्या पहिल्या तासाचा माल मापाबाहेर. दुपारनंतर सगळं ठीक. आधी आम्ही मटेरियलला दोष दिला. मग इन्सर्टची (धातू कापणाऱ्या पात्याची) कंपनी बदलली. मग सर्व्हिस इंजिनिअरला बोलावलं. तो व्हिजिटचे पैसे घेऊन "मशीन एकदम ओके आहे" म्हणाला. शेवटी एका ऑपरेटरने मामांना फोन लावला. मामा दोन मिनिटांत म्हणाले, "अरे, थंड मशीनवर माप घेता काय? वीस मिनिटं रिकामं फिरवा. गरम झालं की माप सरकतं, म्हणून दहाव्याला परत बघायचं."

ते काय करतात हे आम्ही त्यांना कधी विचारलंच नव्हतं. सुपरवायझर मी होतो, त्यामुळे ही चूक माझी. त्या तीन आठवड्यांचं रिजेक्शन वहीत "मटेरियल दोष" म्हणून पडलं, व्हिजिटचं बिल "मेन्टेनन्स"मध्ये गेलं. मामा गेल्याचा खर्च कुठल्याच रकान्यात आला नाही.

हात बसायला वेळ लागतो, हे कुणी मोजलं आहे का?

हो, आणि बऱ्याच आधी. अमेरिकेत टी. पी. राइट या विमान अभियंत्याने १९३६ मध्ये दाखवलं की विमानांचं एकूण उत्पादन दुप्पट झालं की एका विमानाला लागणारी मेहनत साधारण २० टक्क्यांनी उतरते. पहिल्याला १० तास लागले तर दुसऱ्याला ८, चौथ्याला ६.४, आठव्याला ५.१. स्वीडनमधल्या होर्नडालच्या पोलाद कारखान्याचं उदाहरण अर्थशास्त्रात प्रसिद्ध आहे. तिथे १५ वर्षं नवी गुंतवणूक जवळपास झालीच नाही, तरी दरमाणशी उत्पादन वर्षाला सुमारे २ टक्क्यांनी वाढत राहिलं. यंत्रं तीच होती, माणसांचे हात तयार होत गेले.

याची दुसरी बाजूही मोजलेली आहे. अमेरिकेतल्या लॉकहीड कंपनीच्या एल-१०११ ट्रायस्टार विमानांचं उत्पादन १९७० च्या दशकाच्या मध्यात खाली आलं. नंतर ते पुन्हा वाढवताना एका विमानाला आधीपेक्षा जास्त श्रम लागू लागले. कारखाना शिकतो तसा विसरतोही. मोठ्या कंपनीत हे विसरणं हळूहळू होतं. दहा माणसांच्या गाळ्यात एक मामा गेले की एका दिवसात होतं.

कौशल्य म्हणजे शिक्षण का? आयटीआय झालेलाच घ्यावा का?

आयटीआय झालेला मुलगा ड्रॉइंग वाचतो, व्हर्निअर धरतो, सुरक्षितता जाणतो. त्याचा फायदा खराच आहे आणि मीही तसाच घेतो. पण कामाचं कौशल्य प्रमाणपत्रावर संपत नाही.

मुंबईत याचं रोज दिसणारं उदाहरण म्हणजे डबेवाले. मावळ, खेड, जुन्नर भागातून आलेली ही माणसं, बरीचशी कमी शिकलेली. डब्याच्या झाकणावर रंग, आकडे आणि अक्षरांची खूण असते. तिच्यावरून कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर हे कळतं. खूण वाचायला एखाद्या दिवसात शिकता येईल. पण दादरला गाडी किती सेकंद थांबते, क्रेट आधी कुठल्या दाराने उतरवायचा, पावसात कुठल्या पुलावर तुंबतं, हे त्या गटात राहूनच कळतं. १८९० च्या सुमारास सुरू झालेलं हे काम एवढी वर्षं टिकलं, यात मला दोन गोष्टी मोठ्या वाटतात. डबेवाला हा गटाचा भागीदार असतो, पगारी नोकर नव्हे. आणि नवा माणूस मुकादमाच्या हाताखाली, बहुतेकदा ओळखीतून, येतो. असा माणूस पाचशे रुपये जास्त मिळाले म्हणून उद्या दुसरीकडे जात नाही.

मी शिकवतो आणि तो दुसरीकडे जातो. मग शिकवायचं कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, बहुतेकदा चिडून. राग समजण्यासारखा आहे.

अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६० च्या दशकात याची नीट फोड केली. कौशल्यं दोन प्रकारची. एक, कुठेही चालणारी : सीएनसी चालवणं, टिग वेल्डिंग, टॅली. दुसरी, फक्त तुमच्याकडे चालणारी : तुमच्या जुन्या मशीनची खोड, तुमच्या गिऱ्हाइकाचा हट्ट, तुमच्या डायमध्ये माल कुठे अडकतो. पहिल्या प्रकारचं शिकलेला माणूस कुठेही जास्त पगार मागू शकतो, म्हणून मालक ते शिकवायला कचरतो. दुसऱ्या प्रकाराची किंमत बाहेर शून्य, म्हणून ते शिकवण्यात मालकाचा फायदा आहे आणि ते शिकलेला माणूस सहजी जातही नाही.

व्यवहारात ही दोन्ही एकमेकांत गुंतलेली असतात. म्हणून माझं मत असं : शिकवाच, पण शिकल्यावर पगार तसाच ठेवू नका. मुलगा हेल्परचा ऑपरेटर झाला, तरी वर्षभर हेल्परच्याच पगारावर राहिला, तर त्याला शेजारच्या गाळ्यात जायला तुम्हीच भाग पाडता. शिकवल्यामुळे गेला असं मालक म्हणतो. मी बोललो त्यातली बहुतेक मुलं म्हणाली, शिकल्याची दखल घेतली नाही म्हणून गेलो.

अप्रेंटिस हा मार्गही वापरा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पटाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. त्याहून लहान असाल तर सक्ती नाही, पण अनेक लहान कारखानदारांना आपण घेऊ शकतो हेच माहीत नसतं.

बाँड लिहून घेतला तर?

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २७ सांगतं की एखाद्याला धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक असतो. म्हणजे "सोडल्यावर दोन वर्षं या लाइनमध्ये काम करायचं नाही" असं लिहून घेतलं तरी त्याला अर्थ नाही. ठरावीक मुदतीआधी सोडल्यास रक्कम भरायची, हा करार वेगळा. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. पण तो निकाल तिथल्या परिस्थितीवर आहे, तुमच्या साध्या कागदावरची सही त्यात आपोआप बसत नाही. वकिलाला विचारा.

कायदा बाजूला ठेवून सांगतो. मूळ प्रमाणपत्रं कपाटात अडकवून ठेवणारे मालक मी पाहिले आहेत. अडकलेला माणूस मशीनवर येतो, पण पाट्या टाकतो. आणि सर्टिफिकेट अडकवणं मला साफ चुकीचं वाटतं.

पगार वाढवला की माणसं टिकतात का?

सगळ्यात मोठं उदाहरण हेन्री फोर्डचं. १९१३ मध्ये त्यांच्या हायलंड पार्कच्या कारखान्यात असेंब्ली लाइन सुरू झाली होती आणि एकसुरी कामाला कंटाळून माणसं पळत होती. गळती ३७० टक्क्यांच्या घरात. साधारण १४ हजार जागा भरलेल्या ठेवायला त्या वर्षी ५० हजारांहून जास्त माणसं घ्यावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाला ५ डॉलर जाहीर केले, म्हणजे जवळपास दुप्पट, आणि पाळी नऊ तासांवरून आठवर आणली. १९१५ पर्यंत गळती १६ टक्क्यांवर आली. दांड्या कमी झाल्या, उत्पादन वाढलं. पूर्ण रक्कम मिळायला सहा महिने नोकरी झालेली हवी ही अट होती, आणि माणूस घरी कसा राहतो हे बघायला कंपनीची माणसं घरोघर जायची. ही घरझडती मला मुळीच पटत नाही. अट मात्र विचारपूर्वक घातलेली होती.

आपल्याकडे लगेच कुणी दुप्पट देऊ शकत नाही, आणि एका गाळ्याने हजार वाढवले की शेजारचाही वाढवतो. म्हणून पगाराशिवाय काय चालतं तेही बघा. मुंबईत त्याचं पहिलं उत्तर लोकल आहे. मरोळच्या एका कारखान्यात बरीच माणसं नालासोपारा-विरारहून यायची. आठच्या पाळीसाठी त्यांना इतक्या पहाटे निघावं लागे की मुलांचं तोंड रविवारीच दिसायचं. मालकाने पाळी साडेआठला सुरू केली आणि संध्याकाळी अर्धा तास उशिरा सोडली. खर्च शून्य. त्या वर्षी तिथून गेलेली माणसं मी एका हाताच्या बोटांवर मोजली. पगार वेळेवर, सात तारखेचा सातलाच, हेही तसंच. अडचणीला उचल मिळते का, यावर तर माणूस थांबायचं की नाही ते ठरवतो.

थोडी गळती चांगली असते म्हणतात. खरं का?

थोडी, हो. चुकीच्या जागी लागलेला माणूस पहिल्या सहा महिन्यांत बाहेर पडला तर दोघांचंही भलं होतं. आणि बाहेरून आलेला माणूस नवं घेऊन येतो. आमच्याकडे पुण्याहून आलेल्या एका मुलाने टूल बदलण्याची वेळ निम्म्यावर आणली, कारण आधीच्या ठिकाणी टूल आदल्या संध्याकाळीच मांडून ठेवत. कॅलिफोर्नियात तर नोकरी सोडणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याकडे जाण्यापासून रोखता येत नाही, आणि आपल्या करार कायद्यासारखा तो कायदाही १८७२ चाच. सिलिकॉन व्हॅली फोफावण्यामागे तेही एक कारण असल्याचं काही अभ्यासक मानतात.

पण "नवं रक्त हवं" हे वाक्य मी बहुतेकदा अशाच मालकांकडून ऐकतो ज्यांना जुन्या माणसाचा पगार वाढवायचा नसतो.

ठेकेदाराकडून माणसं घेतली आणि सात महिन्यांनी ब्रेक दिला तर स्वस्त पडत नाही का?

पगारपत्रकावर स्वस्त पडतं. २४० दिवस भरून कायद्याचे हक्क लागू होऊ नयेत म्हणून ब्रेक देण्याची ही पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना कायद्याने माणसांना कायमचे हक्क मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षं बदली किंवा हंगामी ठेवण्याला अनुचित प्रथा म्हटलं. उत्पादकतेच्या बाजूने बघा : सातव्या महिन्यात हात नुकता बसलेला असतो, आणि नेमका तेव्हाच आपण त्याला दार दाखवतो. वरचा १,१४,००० चा हिशेब मग दर सात महिन्यांनी नव्याने सुरू.

मुंबईला हा धडा नवा नाही. गिरणगावात सकाळी गेटवर बदली कामगारांची, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजाने लागणाऱ्यांची, रांग लागायची. कुणाला आत घ्यायचं ते जॉबर, म्हणजे माणसं भरणारा मुकादम, ठरवायचा, आणि त्याची दस्तुरी (वरकमाई) ठरलेली. बदली विणकर आज या मागावर, उद्या घरी. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांची नोंदणी सुरू केली ती जॉबरची मनमानी आणि हा विस्कळीतपणा आवरायलाच. तरी बदलीपण संपलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हाच्या मागण्यांतही बदली कामगारांना कायम करा ही एक होती.

गणपती, छठ, मे महिना : माणसं गावी जातात आणि काही परत येत नाहीत. काय करावं?

रजा नाकारू नका, माणूस तरीही जातो आणि मग लाजून परत येत नाही. जून-जुलैतच कोण कधी जाणार याचा तक्ता भिंतीवर लावा. कोकणातल्याला गणपतीला आणि बिहारच्याला छठला, असं आपसात ठरू द्या. परतीचं तिकीट काढायला उचल द्या. माझ्या बघण्यात याने खाडे बरेच कमी झाले.

कामगारांचं ठीक आहे. मॅनेजर-सुपरवायझर गेले तर?

इथे मुंबईच्या उंबऱ्यावरचाच पुरावा आहे. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २००८ पासून तारापूर आणि उंबरगाव भागातल्या मोठ्या कापड कारखान्यांवर प्रयोग केला. काही कारखान्यांना व्यवस्थापनाचे सल्लागार फुकट दिले. गोष्टी अगदी साध्या होत्या : मशीनची वेळच्या वेळी देखभाल, दोषांची रोज नोंद, सुताच्या साठ्याची मांडणी, रोजची छोटी बैठक. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

त्यांनी साधारण नऊ वर्षांनी परत जाऊन पाहिलं तेव्हा सुरू केलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या बंद पडल्या होत्या. त्यामागचं एक ठळक कारण मॅनेजर बदलणं हे निघालं. सुपरवायझर गेला की त्याने लावलेली शिस्तही जाते, कारण ती त्याच्या डोक्यात असते. माझ्या मते लहान कारखान्याने ऑपरेटरपेक्षाही सुपरवायझर टिकवण्याकडे जास्त लक्ष द्यावं. माणसं बहुतेकदा कारखान्याला कंटाळून जात नाहीत, सुपरवायझरला कंटाळून जातात. मी सुपरवायझर होतो म्हणून हे जबाबदारीने लिहितो.

एका चांगल्या कामगारामुळे बाकीचे सुधारतात का?

सुधारतात. अर्थतज्ज्ञ अलेक्झांडर मास आणि एनरिको मोरेटी यांनी अमेरिकेतल्या सुपरमार्केटच्या कॅशिअरांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. जलद हाताची कॅशिअर पाळीवर आली की बाकीच्यांचा वेगही वाढायचा, आणि विशेषतः ती ज्यांना पाठीमागून बघू शकत होती त्यांचा. आपल्या शॉपमध्ये चांगल्या ऑपरेटरचं मशीन कोपऱ्यात नको, मधोमध हवं. उलटही तितकंच खरं : तो गेला की त्याच्या मशीनबरोबर आजूबाजूची दोन मशीनंही मंदावतात.

बोलणं-वागणं शिकवून उत्पादन वाढतं का? हे मोठ्या कंपन्यांचे चोचले वाटतात.

मलाही वाटायचे. बंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत शिलाई कामगार स्त्रियांना वेळेचं नियोजन, संवाद, अडचण मांडणं असं प्रशिक्षण दिलं गेलं, आणि कुणाला द्यायचं ते सोडतीने ठरवलं, म्हणजे तुलना निर्मळ राहिली. शिकलेल्या बायकांची उत्पादकता साधारण १३ टक्क्यांनी जास्त भरली. सुई अडकली तर सांगायची भीती वाटली नाही, तर मशीन लवकर सुरू होतं. शॉपमध्ये काम करणाऱ्याला याचं आश्चर्य वाटू नये.

उद्यापासून काय करू? पैसे फारसे नाहीत.

प्रत्येक मशीनवर एक वही टांगा. सेटर जे करतो ते त्यानेच, त्याच्याच भाषेत लिहायचं. लिहायचा कंटाळा असेल तर फोनवर त्याचा व्हिडिओ काढा : सेटिंग करताना तोंडाने सांगत राहा म्हणावं. मामांचा असा दोन मिनिटांचा व्हिडिओ असता तर आमचे तीन आठवडे वाचले असते. व्हिडिओ काढताना त्याला सांगा की हे तुझी जागा दुसऱ्याला द्यायला नाही, आणि तो शब्द पाळा.

प्रत्येक महत्त्वाच्या मशीनवर दुसरा हात तयार करा. महिन्यातला एक शनिवार अदलाबदलीचा. उत्पादन थोडं कमी होईल, होऊ द्या.

भिंतीवर तक्ता : कोणाला काय काय येतं, आणि नवं एक आलं की पगारात किती वाढ. रक्कम लहान चालेल, पण लिहिलेली हवी.

आणि जाणाऱ्याशी बोला. राजीनामा दिला त्या दिवशी तो चिडलेला असतो, तेव्हा नको. महिनाभराने फोन करा. तेव्हा खरं कारण सांगतो.

मी मालक नाही, ऑपरेटर आहे. मला नोकरी बदलायची आहे. काय बघू?

नुसता पगाराचा आकडा बघू नका. तिथे कुठल्या कंट्रोलरची मशीनं आहेत, सेटिंग करू देतात की फक्त बटण दाबायचं, ते विचारा. सेटिंग शिकायला मिळणार असेल तर हजार कमी घेऊनही जा. पाच वर्षांच्या सलग नोकरीवर ग्रॅच्युइटी मिळते, वर्षामागे १५ दिवसांचा पगार. चार वर्षं झाली असतील तर सोडण्याआधी हिशेब करा. मुदतीच्या कराराने असाल तर नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत एका वर्षानंतरही ती प्रमाणात मिळण्याची तरतूद आहे. जाताना अनुभवाचं पत्र मागून घ्या, त्यात नुसतं "ऑपरेटर" न लिहिता कुठलं मशीन आणि कुठलं काम ते लिहायला सांगा. आणि जाण्याआधी शेजारच्या मुलाला तुमच्या मशीनची खोड दाखवून जा. सकाळी पहिल्या तासाला तोच तिथे उभा असणार आहे.